शेवटच्या शंभरीचा पुकारा

ज्या राज्यात प्रत्येक माणसाला मत असतं, त्या राज्यात कोणावर अन्याय होऊ शकत नाही; फार तर उशीर होऊ शकतो. हे तत्त्व आमच्या रोमच्या पूर्वजांनी फार आधी ओळखलं आणि त्याच्यावर आमची सगळी मतदानपद्धती उभी केली. मी या पद्धतीचा जुना सेवक आहे. मार्सच्या मैदानावर मतदानाच्या दिवशी ज्या दोऱ्यांमधून मतदार एकामागून एक पुढे सरकतात, त्या दोऱ्या मी बांधतो. (दोऱ्यांनी आखलेल्या या जागेला मेंढवाडा म्हणतात. हे नाव कोणी कुचेष्टेने ठेवलेलं नाही. ते अधिकृत आहे.) सबब मी जे सांगतो ते आतल्या गोटातलं आहे असं समजावं.

पद्धत अगदी सोपी आहे. रोमचे सगळे नागरिक एकशे त्र्याण्णव शंभऱ्यांमध्ये विभागलेले आहेत आणि प्रत्येक शंभरीला एक मत आहे. नावावरून शंभरीत शंभर माणसं असतील असं वाटतं, पण आमचे पूर्वज आकड्यांचे गुलाम नव्हते. घोडे बाळगणारे आणि मोठे जमीनदार यांच्या शंभरीत माणसं इतकी बेताची असतात, की मेंढवाड्यात उभ्याउभ्या एकमेकांच्या मुलींची लग्नं जमवून होतात. अशा शंभऱ्या अठ्ठ्याण्णव. त्यानंतर मधल्या परिस्थितीचे, मग बेताच्या परिस्थितीचे, मग सुतार, मग शिंगं आणि तुताऱ्या फुंकणारे. आणि सगळ्यांत शेवटी एकशे त्र्याण्णवावी शंभरी, ज्यांच्याकडे मोजण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे सरकार ज्यांची नुसती डोकी मोजतं, त्यांची. या एका शंभरीत जवळजवळ अर्धं रोम मावतं. मीही मावतो.

मत विचारायला वरून सुरुवात करतात आणि बहुमत झालं की थांबतात. बहुमताला सत्त्याण्णव शंभऱ्या पुरतात. वरच्यांच्या अठ्ठ्याण्णव आहेत. (एक दिलदारीने जास्त ठेवलेली आहे.) त्यामुळे दुपारच्या जेवणाच्या आत निकाल लागतो आणि खालच्या लोकांना उन्हात तिष्ठत राहावं लागत नाही. काही कुजकट माणसं याला नावं ठेवतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की रोमने आजवर जे नालायक, चोर आणि पळपुटे अधिकारी निवडले, त्यांतल्या एकाचा तरी ठपका शेवटच्या शंभरीवर ठेवता येईल का? नाही येणार. इतका स्वच्छ लौकिक दुसऱ्या कोणत्याही शंभरीचा नाही.

आता नुमेरियस ट्रेबियसबद्दल सांगतो. आवेंतीन टेकडीच्या उतारावर आमची गल्ली आहे. तिथे आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर हा राहतो आणि मैदानावर पुकाऱ्याचं काम करतो. एकेका शंभरीचं नाव तो पुकारतो, मग ती शंभरी माझ्या दोऱ्यांमध्ये शिरते, टोकाला उभा असलेला कारकून प्रत्येकाला तोंडी विचारतो आणि पाटीवर टिंब मारतो. नुमेरियसचा बाप हेच काम करायचा, आजाही हेच करायचा. तिघांचाही आवाज खणखणीत. आणि तिघांच्याही आयुष्यात शेवटच्या शंभरीचा पुकारा करण्याची वेळ कधी आली नाही.

पण पुकारा तयार होता. आजाने तो रचला, बापाने त्यात कुठे थांबायचं ते ठरवलं आणि नुमेरियस तो रोज सकाळी चौकातल्या हौदापाशी उभा राहून घोकायचा. सुरुवातीला देवांची नावं, मग रोमच्या जनतेला मानाचं संबोधन, मग एक दीर्घ श्वास, मग पूर्वजांचं स्मरण, मग पुन्हा श्वास, आणि मग कुठे शंभरीचं नाव. ऐकताना अंगावर काटा यायचा. त्याची बायको ओपिया मात्र त्याच हौदावर घागर भरत उभी असायची आणि तिच्या अंगावर कधी काटा आल्याचं मी पाहिलं नाही.

ओपिया गल्लीच्या तोंडाशी उकडलेले हरभरे विकते. हरभरे भिजवायला पाणी, उकडायला पाणी, भांडी घासायला पाणी, आणि हे सगळं पाणी चौकातल्या दगडी हौदातून. गल्लीतले परीट, भटारी आणि वरच्या मजल्यांवरच्या तीसेक बिऱ्हाडांच्या बायका सगळ्या त्याच हौदावर. डोंगरातून पाटाने येणारं ते पाणी इतकं गार आणि गोड, की आमच्या गल्लीत मुलगी देताना लोक मुलाचं उत्पन्न विचारायच्या आधी हौद कोणत्या बाजूला आहे ते विचारायचे.

या हौदाच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, सर्व्हियस फोस्लियस यांची बाग. फोस्लियस म्हणजे फार जुनं घराणं. इतकं जुनं, की त्यांच्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवायला वेगळी खोली आहे. त्यांनी बागेत तळं खणलं होतं आणि तळ्यात बदकं सोडायची होती. बदकं आणली. पाणी नव्हतं. बदकं कोरड्या तळ्यात एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जायची आणि परत यायची.

सरकारी पाटाचं पाणी खासगी माणसाला द्यायचं नाही असा आमचा कडक नियम आहे. फक्त जे पाणी हौदातून भरून वाहतं, ते वाया जाऊ नये म्हणून देता येतं. आता आमचा हौद भरून वाहायचा. तीस बायका घागरी बुचकळतात तेव्हा हौद वाहतोच. फोस्लियस यांच्या माणसांनी ते ओले दगड पाहिले आणि निष्कर्ष काढला, की ज्याअर्थी दगड ओले आहेत त्याअर्थी गल्लीला पाणी जास्त होतंय. हा निष्कर्ष मान्य करणं सेन्सॉरच्या हातात असतं. (सेन्सॉर म्हणजे नागरिकांची मालमत्ता, चालचलन आणि पाटाचं पाणी यांवर देखरेख करणारा अधिकारी. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे का, असं विचारू नये.) म्हणून फोस्लियस सेन्सॉरच्या निवडणुकीला उभे राहिले.

सेन्सॉर दोन असतात. एकाची निवड आधीच ठरल्यासारखी होती, त्यामुळे त्याचं नाव माझ्या लक्षात नाही. दुसऱ्या जागेसाठी फोस्लियस यांच्यासमोर होते मार्कुस मिनुकियस. तेही बडे. पण आमची गल्ली एकदिलाने मिनुकियस यांच्या बाजूची होती, आणि त्यामागे फार सखोल राजकीय विचार होता: त्यांचं तळं आधीच भरलेलं होतं.

निवडणुकीपूर्वी फोस्लियस खडूने पांढरा केलेला झगा घालून स्वतः आमच्या गल्लीत आले. मोठ्या माणसांबरोबर एक गुलाम असतो, तो कानात समोरच्याचं नाव आणि घरची एखादी गोष्ट सांगतो. फोस्लियस यांनी नुमेरियसचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काय नुमेरियस, आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे आता?"

नुमेरियसची आई जाऊन बारा वर्षं झाली होती. नुमेरियसला भरून आलं. इतक्या मोठ्या माणसाने आईची आठवण ठेवली, असं तो दिवसभर सांगत होता. ओपियाने विचारलं, की तुम्ही त्यांना आई गेल्याचं सांगितलं का? तो म्हणाला, "कसं सांगू? एवढ्या आपुलकीने विचारलं त्यांनी. उगाच त्यांना वाईट वाटलं असतं."

तरीही, कोणाला काय वाटतं याने फरक पडणार नव्हता, कारण निकाल वर लागतो. वरच्यांनी फोस्लियस यांना निवडायचं ठरवलंच होतं. आणि इथे रोमच्या इतिहासाने एक वळण घेतलं, ज्याचं कारण जेवणाचं पान होतं.

फोस्लियस यांनी निवडणुकीच्या आधी मोठी मेजवानी दिली. आमच्याकडे तीन पलंगांवर लवंडून जेवतात आणि कोण कोणत्या पलंगावर, कितव्या जागी, याच्यावर माणसाची किंमत ठरते. मिनुकियस यांच्या मेव्हण्याला (हा मेव्हणा दोन्हीकडच्या जेवणांना जायचा, कारण तो अन्नाच्या बाबतीत पक्ष मानत नसे) चुकून सगळ्यांत खालच्या पलंगावर, शेवटची जागा मिळाली. तीही एका माजी गुलामाच्या शेजारी. मेव्हणा पहिलं पान सोडून उठला. लग्नात व्याह्याचा मानपान चुकला तर काय होतं ते वाचकांना माहीत आहे. इथे व्याही नव्हता, मेव्हणा होता, पण रोम एकच होतं. आठवडाभरात सगळे खानदानी लोक दोन गटांत फुटले: मेव्हण्याचा अपमान झाला असं मानणारे आणि मेव्हण्याची लायकी तीच आहे असं मानणारे. कर, युद्ध, धान्य, कर्ज अशा किरकोळ विषयांवर जे कधी फुटले नव्हते, ते एका उशीवरून फुटले.

मतदानाचा दिवस उजाडला. नदीपलीकडच्या टेकडीवर लाल झेंडा चढला. (तो खाली उतरवला की शत्रू आला असं समजून मतदान थांबतं. शत्रू वर्षानुवर्षं आलेला नाही. झेंडा मात्र कधीकधी उतरतो.) नुमेरियसने पहिल्या शंभरीचा पुकारा केला आणि माझ्या दोऱ्या हलायला लागल्या. पाचसात शंभऱ्या झाल्या तेव्हा कारकून एकमेकांकडे बघायला लागले. वरचे लोक अर्धे इकडे, अर्धे तिकडे. अठ्ठ्याण्णव संपल्या आणि बहुमत नाही. जेवणाची वेळ टळली. मधल्या परिस्थितीच्या शंभऱ्यांना बोलावणं गेलं. त्यांतले बरेच जण घरी निघाले होते, त्यांना रस्त्यातून परत आणावं लागलं. मग बेताचे. मग सुतार. तुतारीवाल्यांना आपल्याला मतसुद्धा आहे हे माहीत नव्हतं. ते फक्त वाजवायला आले होते.

एकशे ब्याण्णव शंभऱ्या झाल्या. फोस्लियस शहाण्णव, मिनुकियस शहाण्णव.

उरली होती एक शंभरी. अध्यक्षस्थानी असलेल्या कॉन्सलनी (म्हणजे त्या वर्षीच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांनी) माझ्याकडे पाहिलं. तिच्या मेंढवाड्याच्या दोऱ्या कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. आता एकशे त्र्याण्णवाव्या मेंढवाड्याच्या दोऱ्यांची तरतूद पूर्वजांनी केलेली आहे, पण त्या दोऱ्यांनी माझ्या आज्यापासून आमच्या घरचं खेचर बांधलं जातं. शिवाय प्रश्न मापाचा होता. अर्धं रोम ज्या दोरीत मावेल ती दोरी किती लांब असावी? मी नम्रपणे सुचवलं, की अर्धं रोम आत घेण्याऐवजी उरलेले आपण थोडे जण दोरीच्या आत उभे राहू आणि त्यालाच बाहेर समजू.

आणि ते लोक आले होते. एरवी आमची माणसं मतदानाला फक्त टाळ्या वाजवायला येतात, पण निकाल अडल्याची बातमी आवेंतीनवर गेली तशी परीट ओल्या हातांनी आले, हमाल आले, भटारी पिठाच्या अंगाने आले. बायकांना मत नाही, त्यामुळे त्या कडेला उभ्या होत्या. ओपिया सगळ्यांत पुढे.

इथे नियमाचा एक बारकावा सांगितला पाहिजे. मतदान चालू असताना अपशकुन झाला तर शकुनाधिकारी फक्त "दुसऱ्या दिवशी" एवढंच म्हणतात आणि सभा बरखास्त होते. रोममध्ये यापेक्षा ताकदवान शब्द नाहीत. मात्र शंभरीचं नाव पुकारलं गेलं, की मग काहीही दिसलं, ऐकू आलं तरी त्या शंभरीचं मत घ्यावंच लागतं. म्हणजे त्या क्षणी आमचा हौद, तीस बिऱ्हाडं आणि ओपियाचे हरभरे या सगळ्यांचा निकाल एका माणसाच्या घशात होता. नुमेरियसने नुसतं नाव घ्यायचं. शंभरीने काय मत दिलं असतं हे सांगायला शकुन लागत नव्हता.

कॉन्सलनी नाइलाजाने मान हलवली. नुमेरियस चौथऱ्यावर चढला. त्याने झग्याची घडी नीट केली. तीन पिढ्यांनी ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला होता, आणि तो असा घाईघाईने उरकण्याची त्याची तयारी नव्हती. त्याने डोळे मिटले आणि देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. आवाज असा लागला होता, की मैदानाच्या पलीकडचे हमालसुद्धा ताठ उभे राहिले. मलाही, खोटं कशाला बोलू, हुंदका आला.

देव संपले. जनतेला मानाचं संबोधन झालं. नुमेरियसने बापाने ठरवून दिलेल्या जागी दीर्घ श्वास घेतला.

"अहो, नुसतं नाव घ्या!" कडेला उभी असलेली ओपिया ओरडली. "देवाचं राहू द्या, ते कुठे पळून जातायत? नाव घ्या आधी!"

नुमेरियसने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. शुभकार्यात कोणी शिंकलं तर आपण जसं बघतो, तसं. मग त्याने पुन्हा डोळे मिटले आणि पूर्वजांचं स्मरण सुरू केलं. तेही उत्तम झालं. मग तो दुसऱ्या श्वासासाठी थांबला.

"दुसऱ्या दिवशी," शकुनाधिकारी म्हणाले.

त्यांना गडगडाट ऐकू आला होता. आकाशात ढग नव्हता आणि बाकी कोणाला काही ऐकू आलं नव्हतं, पण बाकी कोणी शकुनाधिकारी नव्हतं. हे गृहस्थ एका बाजूने फोस्लियस यांचे मामा लागायचे आणि दुसऱ्या बाजूने मिनुकियस यांचे सासरे, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. नुमेरियसचं तोंड उघडंच होतं. छातीत भरलेला तो श्वास त्याने सावकाश, अगदी नियमाप्रमाणे सोडला.

मैदानात कुरबूर झाली. काही म्हातारे म्हणाले, की आपल्या आज्या-पणज्यांनी जसं एकदा सगळं शहर सोडून डोंगरावर जाऊन बसायचं ठरवलं होतं, तसं करू. कोण भाकरी भाजतो आणि कोण ओझी वाहतो ते बघू दे यांना. बेत उत्तम होता. मग कोणीतरी विचारलं, डोंगरावर पाणी कुठून आणायचं? त्यावर चर्चा झाली. परटांचं म्हणणं पडलं, की कपडे भिजत घातलेत, ते वास मारतील. संध्याकाळपर्यंत सगळे घरी गेले आणि हौदावरून पाणी नेऊन स्वयंपाकाला लागले.

वाटेत नुमेरियस माझ्याबरोबर चालत होता. ओपिया चार पावलं पुढे होती आणि मागे बघत नव्हती.

"दोरवाले भाऊजी," ती पुढे बघूनच मला म्हणाली, "तुमच्या मित्राला विचारा, आग लागली तर ते आधी कोणकोणत्या देवांची नावं घेणार आहेत. म्हणजे मला पोराबाळांना घेऊन केव्हा उतरायचं ते कळेल."

"पुकारा कसा झाला ते तरी सांग," नुमेरियस म्हणाला.

"चांगला झाला," ती म्हणाली. आणि वाईट हे, की तिने ते मनापासून म्हटलं. "फार चांगला झाला. तुमच्या बाबांनी ऐकला असता तर रडले असते. मी पण रडणार आहे, जरा घरी पोहोचू द्या."

यानंतर वरच्या लोकांनी जे केलं ते पाहून माझा रोमवरचा विश्वास दुणावला. एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं दोन दिवसांत एकत्र आली. फोस्लियस यांचा आचारी ओपियाकडे हरभरे घ्यायला यायचा, त्याने आतली हकिकत सांगितली. फोस्लियस स्वतः मिनुकियस यांच्या घरी गेले. मेव्हण्याला सगळ्यांत वरच्या पलंगावर, मानाच्या जागी लवंडवलं. मेव्हणा म्हणाला, की मान नसेल तर मी जेवत नाही, आणि मग पोटभर जेवला. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: आपसातली भांडणं इतकी ताणू नयेत, की मत विचारत विचारत शेवटपर्यंत जावं लागेल. ठरलं असं, की या वेळी फोस्लियस, पुढच्या वेळी मिनुकियस, आणि पाण्याच्या नळाची एक शाखा मिनुकियस यांच्याकडेही. त्यांचं तळं भरलेलं होतं, हे खरं. पण नवं तळं खणता येतं.

दुसऱ्या दिवशी (म्हणजे पुढच्या शुभ दिवशी) सभा भरली. आकाश काळवंडलं होतं आणि अधूनमधून खरोखरचा गडगडाट होत होता. शकुनाधिकाऱ्यांना तो ऐकू आला नाही. वय झालंय त्यांचं. पहिल्या सत्त्याण्णव शंभऱ्या एका सुरात फोस्लियस म्हणाल्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मी दोऱ्या गुंडाळल्या. आमच्या लोकांचा वेळ वाचला.

नंतर हौदाला येणाऱ्या पाटावर शिशाचा नळ बसला. ओल्या दगडांचा पुरावा होताच. आधी धार बोटाएवढी झाली, मग करंगळीएवढी, मग हौदात पाल दिसायला लागली. टेकडीवर बदकं पोहायला लागली. परीट टायबर नदीवर जायला लागले, तिथून कपडे जरा तांबूस होऊन यायचे. ओपिया पलीकडच्या टेकडीवरच्या हौदावरून घागरी आणायची. तिथल्या बायका तिला शेवटी उभी करायच्या, कारण ती त्यांच्या गल्लीतली नव्हती. पाच मजले चढून आल्यावर ती बसायची ती बराच वेळ उठायची नाही. हरभरे निम्मे झाले. नुमेरियस एकदा म्हणाला, की मी आणतो घागर. तर ती म्हणाली, नको, तुम्ही वाटेत थांबाल.

तेव्हा फोस्लियस यांनी जे केलं, त्याला तोड नाही. गल्लीचे हाल त्यांच्या कानावर गेले आणि त्यांचं मन द्रवलं. त्यांनी हुकूम दिला, की आवेंतीनच्या गरिबांनी रोज सकाळी आपल्या बागेच्या मागच्या दाराशी यावं, आपल्याला नमस्कार करावा आणि माणशी एक घागर पाणी न्यावं. फुकट. कोणताही नियम नाही, कोणतंही कलम नाही, नुसत्या मनाच्या मोठेपणातून. गल्लीत आनंदीआनंद झाला. म्हातारेसुद्धा म्हणाले, की हौदाने कधी कोणाची विचारपूस केली होती का?

आता सकाळी तिथे रांग लागते. मी दोरी बांधतो. नुमेरियसला नावं पुकारायचं काम मिळालंय. पाणी नेणाऱ्यांची नावं तो एकामागून एक पुकारतो आणि त्याला कोणी मध्ये तोडत नाही. तो सुखात आहे. ओपियाचं नाव घेताना मात्र तो जरा भरभर घेतो.

एकदा फोस्लियस स्वतः दाराशी आले होते. कानातला गुलाम बरोबर होता. ओपियाची घागर भरत होती. फोस्लियस हसून म्हणाले, "काय ओपिया, पाणी गोड आहे ना आमचं?"

"गोड आहे की, मालक," ओपिया म्हणाली. "चौकात होतं तेव्हाही गोडच होतं."

फोस्लियस हसले, कारण मोठ्या माणसांना हसता येतं, आणि आत गेले. घागर त्यांनी भरू दिली. पण दुसऱ्या दिवशी दारवानाने सांगितलं, की आजपासून माणशी अर्धी घागर. बदकांची पिल्लं झालीयेत.

गल्लीचा संताप अनावर झाला. आमची माणसं गरीब असली तरी अन्याय सहन करणारी नाहीत. सगळे मिळून नुमेरियसच्या दाराशी गेले आणि ओपियाला वाट्टेल ते बोलले. अशा देवमाणसाला तोंडावर टाकून बोलायची काय गरज होती? तुझ्या जिभेपायी आमची अर्धी घागर गेली. भटाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने तर सांगून टाकलं, की हिला रांगेतूनच काढा. ओपिया दारात उभी राहून सगळं ऐकत होती. माणसं तीच होती, जी त्या दिवशी मैदानावर ओल्या हातांनी धावत आली होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आत जाऊन तिने दार लावलं. त्यानंतर ती मागच्या दाराशी आली नाही. पलीकडच्या टेकडीवर जाते आणि तिथल्या रांगेत शेवटी उभी राहते.

गल्लीने मग वर्गणी काढली आणि कोरड्या हौदावर एक दगड बसवला. मजकूर मी सुचवला होता: "सर्व्हियस फोस्लियस यांच्या कृपेने आवेंतीनच्या जनतेस पाणी मिळाले." अक्षरं सुबक आली आहेत. दगड बसवायच्या दिवशी फोस्लियस आले, नुमेरियसला त्यांनी पुन्हा आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि चांगल्या जोरात.

तुम्हाला हसू येत असेल. येणारच, तुमच्याकडे एक माणूस म्हणजे एक मत, पहिल्यालाही तेवढंच आणि शेवटच्यालाही तेवढंच, असं मी ऐकून आहे. तुमच्याकडे पुकारा वाटेत अडत नाही. तुम्ही शहाणे आहात. म्हणून एकच विचारतो, आणि उत्तर मला नका देऊ, घरी घागर भरून आणणाऱ्या बाईला द्या: तुमच्या गल्लीत तुमच्याच नळाला तुमचंच पाणी आलं, तेव्हा चौकात फोटो कोणाचा लागला होता, आणि टाळ्या वाजवायला तुम्ही कितव्या रांगेत होता?